अडीच घरांचं कुलूप

त्या शनिवारी कृष्णकांत पांढरीपांडे यांनी सकाळी अकरा ते एक या वेळात सात जणांचे जीव टांगणीला लावले, एकाचा वजीर मारला आणि मग हात धुऊन ते जेवायला बसले.

"वाघनखाने उंट खाल्ला," वरणभात कालवता कालवता ते म्हणाले. "सेनापती आता दोन दिवस जेवत नाही."

"सेनापती कोण?" सुमतीबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या एकोणीस वर्षं विचारत होत्या.

"सभासद."

"मला सांगितलं तर काय आभाळ कोसळेल?"

"यमुताईला कळेल."

यमुताई खालच्या मजल्यावर राहायच्या, आणि त्यांना कळलं की नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीला कळायला पोळी उलटायला लागतो तेवढाच वेळ पुरायचा.

"बत्तीस लोकांची गुपितं लक्षात राहतात," सुमतीबाई म्हणाल्या, "आणि घरातलं रॉकेल कालच संपलं, ते?"

"ते गुपित नव्हतं ना," कृष्णकांत म्हणाले, आणि समोर बसलेली त्यांची मुलगी अरुंधती ठसका लागेपर्यंत हसली.

अरुंधती जबलपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. वय चौतीस. दिवाळीला रजा जोडून ती नागपूरला आली होती. वडिलांची शनिवारची बैठक तिने शाळेत असल्यापासून पाहिलेली. खिडकीपाशी उतरतं मेज, डाव्या हाताला आलेली कार्डं, उजव्या हाताला जाणारी, मध्ये दौत. नकला विभागातून सेवानिवृत्त झालेल्या माणसाने घरीही नकलाच कराव्यात, यावर नातेवाईक हसायचे. पण या नकला वेगळ्या होत्या.

बासष्ट साली कचेरीच्या गणेशोत्सवात बुद्धिबळाचे सामने झाले आणि कृष्णकांतांनी आपल्या साहेबाला एकवीस चालींत मात केली. साहेबाने सगळ्यांदेखत हात मिळवला, पाठ थोपटली. पंधरा दिवसांत कृष्णकांतांची सिरोंच्याला बदली झाली. पावसाळ्यात नदी उतरेपर्यंत टपालही जायचं नाही, अशा त्या गावी बसून त्यांनी विचार केला, की चूक खेळात नव्हती, नावात होती. सोंगट्यांना हुद्दा कळत नाही, खेळणाऱ्याला कळतो. म्हणून तिथूनच त्यांनी 'गुप्तनाम टपाली बुद्धिबळ मंडळ' काढलं.

मंडळाची रीत सोपी होती. प्रत्येक सभासदाने एक टोपणनाव घ्यायचं. आपली चाल कार्डावर लिहून कृष्णकांतांना पाठवायची. कृष्णकांत ती आपल्या अक्षरात, कोऱ्या कार्डावर उतरवून प्रतिस्पर्ध्याला धाडायचे: 'वाघनख यांची चाल पुढीलप्रमाणे.' अक्षर ओळखू येऊ नये, टपालाचा शिक्का कळू नये. समोर बसलेला माणूस कलेक्टर आहे की कारकून, हे कुणालाही कळायचं नाही. खरी नावं आणि टोपणनावं फक्त एका काळ्या वहीत होती, आणि ती वही कोनाड्यात.

"एकोणीस वर्षांत एक नाव फुटलेलं नाही," हे वाक्य कृष्णकांत वर्षातून एकदा बोलायचे, तेही हलक्या आवाजात.

जेवण झाल्यावर त्यांनी पाटाशेजारचा पट पुढे ओढला. त्यावर साडेतीन वर्षं चाललेला एक डाव मांडलेला होता.

"सभासद क्रमांक बत्तीस, चाल राहिली आहे."

"उद्या सांगते, बाबा."

"खारूताई," ते म्हणाले. मंडळात तिचं हेच नाव होतं. ती चाली साठवून ठेवते म्हणून त्यांनीच ठेवलेलं. "चार महिने उद्याच आहे."

अरुंधतीला कारण ठाऊक होतं. बाबांशी चाललेला हा डाव ती चार महिन्यांपूर्वीच हरली होती. पण 'हरले' हा शब्द तिला कधी जमला नाही. सहा वर्षांची असताना ती हरायला लागली की पट उलटायची. मोठी झाल्यावर 'उद्या' म्हणायची. आणि आता जबलपूरला दर पंधरवड्याला जे कार्ड यायचं, त्यावर चालीखाली, आणि हे चार महिने 'चाल राहिली आहे' याखाली, दोन ओळी असायच्या. आईचा गुडघा, गल्लीतलं भांडण, कोण आजारी, कोणाचं लग्न. डाव संपला की कार्ड संपलं.

"हरले म्हटलं की नवा डाव मांडता येतो, बाई," कृष्णकांत म्हणाले. मग चष्मा पुसत, "घाई नाही. उद्या."

रविवारी पहाटे ते उठले नाहीत.

*

कृष्णकांतांचे धाकटे बंधू दत्तोपंत हे सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक. अक्षर मोत्यांसारखं आणि काम अर्धं सोडायचं नाही, ही त्यांची ख्याती. तिसऱ्या दिवशी ते धरमपेठेहून सायकलवर आले, पिशवीतून दोन निब आणि कार्डांचा गठ्ठा काढला आणि मेजापाशी बसले. दुःखद वार्ता कळवण्याचं काम घरातल्यांना करावं लागू नये, हा रिवाज. आणि दत्तोपंतांनी तो कुटुंबात तीस वर्षं एकहाती सांभाळलेला.

"वहिनी, पत्त्यांची वही?"

"कोनाड्यात," भिंतीला टेकून बसलेल्या सुमतीबाई म्हणाल्या.

कोनाड्यात दोन वह्या होत्या. लाल वहीत नातेवाईक होते. दत्तोपंतांनी ती दुपारपर्यंत संपवली. मग काळी उघडली. आत सुबक चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एक नाव, एक पत्ता आणि तळाशी लाल शाईत आणखी एक नाव. दादाचा मित्रपरिवार एवढा मोठा होता हे पाहून त्यांचा ऊर भरून आला. लाल शाईतली ही बहुधा घरगुती नावं. एकाच नावाची दोन माणसं गल्लीत असली तर पोस्टमनची पंचाईत नको, म्हणून दत्तोपंतांनी पत्ता लिहिताना पुढे 'ऊर्फ' घातलं आणि तेही नाव लिहिलं. मोत्यांसारख्या अक्षरात. उघड्या कार्डावर. संध्याकाळी स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

पाचव्या दिवशी सकाळी यमुताई जिना चढून वर आल्या. हातात कार्ड.

"अवं सुमती," त्या म्हणाल्या, "कृष्णकांत गेले म्हणून मला पत्र आलं वं."

सुमतीबाईंनी वर पाहिलं. ज्या रात्री ते गेले तेव्हापासून यमुताई इथेच होत्या. पिठलंभात त्यांच्याच घरून येत होता.

"तुम्हाला काहून पाठवलं?"

"मी काय सांगू? वाच." यमुताईंनी कार्ड पुढे केलं, पण सुमतीबाईंकडे नाही, अरुंधतीकडे. "हे 'ऊर्फ पैलवान' म्हणजे मीच काय वं?"

अरुंधतीने कार्ड हातात घेतलं. पत्त्यावर लिहिलं होतं: 'श्रीमती यमुताई घाटे ऊर्फ पैलवान, तळमजला.' तिने कोनाड्याकडे पाहिलं. दोन्ही वह्या एकावर एक, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलेल्या. बाबा त्या कधीच तशा ठेवत नसत.

"यमुताई," सुमतीबाईंचा आवाज एकदम स्पष्ट झाला, "तुम्ही मंडळात आहात?"

"कधीमधी खेळते."

"खालून वर? टपालाने?"

"मग काय जिन्यातून ओरडू? कृष्णकांत म्हणाले, नियम म्हणजे नियम. चौकातल्या पेटीत टाकते, दोन दिवसांनी पोस्टमन तुमच्याकडे आणतो." यमुताईंनी कार्ड परत घेतलं. रिवाजाप्रमाणे मरणाची वार्ता देणारं पत्र वाचून फाडायचं असतं. त्यांनी ते घडी घालून कंबरेला खोचलं. "पैलवान. वाईट नाही नाव."

"यमुताईला कळेल म्हणाले मला," सुमतीबाई पुटपुटल्या. "एकोणीस वर्षं!"

अरुंधतीने धरमपेठेला निरोप धाडला. दत्तोपंत आले. "मी अर्धवट काम करत नाही," त्यांनी अभिमानाने सांगितलं. "दोन्ही वह्या पुऱ्या केल्या."

"सगळी कार्डं गेली?"

"त्याच दिवशी. तुझं जबलपूरचं पण टाकलं. त्या वहीत होतं ना."

अरुंधतीने काळी वही उचलली आणि न उघडता ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. बत्तीस घरी नावं फुटली होती. निदान तेहतिसावं घर आपलं नको. बाबांनी ती वही तिलासुद्धा कधी दाखवली नव्हती, आणि ते नसताना ती उघडणं तिला जमेना.

*

सहाव्या दिवशी रामाजी भोयर आले. नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात ते मुकादम होते. उंची सहा फूट दोन इंच, मिशा त्या मानाने. दारातून वाकून आत शिरले, फोटोसमोर हात जोडले, डोळे पुसले आणि मग खाली बसून म्हणाले, "ताई, मले बरबाद केलं."

"काय झालं?"

"कार्ड गोदामावर आलं. मी कानपूरची गाडी भरून राहिलो होतो. त्या ड्रायव्हरनं कार्ड घेतलं आन् जोरात वाचलं. आता बारा ड्रायव्हर मले त्याच नावानं हाक मारून राहिले. काल एका हमालानं गोणी उचलाची सोडून ताली वाजवली!"

"कोणतं नाव आहे?"

रामाजींनी मान फिरवली. "ते मी बाईमाणसासमोर बोलत नाही."

"पण घेतलेलं तुम्हीच ना?"

"मी? मी काहून घेईन असं नाव? ते माहं नाहीच ताई!"

अरुंधती मनात म्हणाली, उघडा पडलेला माणूस दुसरं काय म्हणणार? तिने क्षमा मागितली. रामाजी आणखी कळवळले. "माफी नका मागू जी. तुमच्या बाबांनी मले माणसात बसवलं. गोदामात मले कोणी 'खेळा' म्हणत नव्हतं. पण हे नाव..." ते पुन्हा वाकून बाहेर पडले.

आठव्या दिवशी रिक्षातून वामनराव केळापुरे आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई उतरले. वामनराव एका सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. बोलताना ते आधी घसा साफ करायचे, त्यामुळे पहिलं वाक्य नेहमी कुसुमताईंचं असायचं.

"ही मोहिनी कोण?" कुसुमताई म्हणाल्या.

"मी सांगतो..."

"तुम्ही गप्प राहा. मुली, मी कार्ड वाचलं. 'वामनराव ऊर्फ मोहिनी.' मला वाटलं पोस्टानं दोघांना मिळून पाठवलं. रात्रभर झोपली नाही मी. सकाळी यांनी सांगितलं, ऊर्फ म्हणजे मीच." कुसुमताईंनी नवऱ्याला टोपीपासून जोड्यापर्यंत पाहिलं. "आणि मग मला असं हसू आलं, की शेजारच्या शोभाताई पाणी घेऊन धावल्या."

"असलं पत्र घरात ठेवू नये म्हणून मी फाडत होतो," वामनराव म्हणाले, "तर हिने हिसकावून घेतलं."

"फाडते की काय! सगळ्या बहिणींना दाखवायचं आहे."

वामनरावांनी अरुंधतीला खिडकीपाशी नेलं आणि आवाज उतरवला. "हे पाहा, मी मोहिनी नाही. मी... म्हणजे माझं नाव सेनापती आहे. शपथेवर सांगतो."

हाही नाकारतोय, अरुंधतीला वाटलं. आणि नाकारताना नाव किती मोठं निवडलं! मोहिनीला सेनापतीच व्हायचं असणार.

"आणि दुसरं," वामनरावांचा घसा आता पुरता साफ झाला होता, "तो वाघनख कोण ते मला कळलंय. माझ्याच हाताखाली बसतो. त्याचं कार्ड कचेरीच्या पत्त्यावर आलं. आणि कचेरीचं सगळं टपाल आधी माझ्या टेबलावर येतं. तीन डाव हरवलं त्याने मला! आणि रोज सकाळी 'नमस्कार साहेब' म्हणतो. काय धीट माणूस!"

त्यांच्या त्या 'धीट'मध्ये काय होतं, ते अरुंधतीला दुसऱ्या दिवशी कळलं. अनंत साकळकर नावाचा एक बारीकसा कारकून जिन्यातच उभा राहून बोलू लागला.

"ताई, साहेब मला दोन दिवसांपासून अहो-जाहो करून राहिले."

"मग चांगलं आहे की."

"नाही हो! आधी 'अरे साकळकर' म्हणायचे तेव्हा मी सुरक्षित होतो. काल म्हणाले, 'अनंतराव, तुमच्यासारख्या बुद्धिमान माणसाची दुर्गम भागात गरज आहे.' आणि सिरोंच्याची फाइल मागवली." त्याने हात जोडले. "मी वाघनख नाही हो, ताई! सतरा डाव खेळलो, सतरा हरलो. मी कुणालाच कधी हरवलं नाही. माझी आई इथे दवाखान्यात आहे."

अरुंधतीने त्याला आत बोलावलं, चहा दिला. त्याच्याकडे पाहवेना. हाही नाकारतोय, आणि का नाकारू नये? तो गेल्यावर ती ट्रंकेवर जाऊन बसली. एकोणीस वर्षांपूर्वी एक कारकून साहेबाला हरवतो आणि सिरोंच्याला जातो. पुन्हा असं होऊ नये म्हणून तो सगळं आयुष्य कार्डं उतरवून काढतो. आणि तो गेल्यावर नवव्या दिवशी, त्याच्याच घरून गेलेल्या कार्डाने, दुसरा कारकून सिरोंच्याला निघतो.

"आई," ती म्हणाली, "बाबांचा शब्द आपण मोडला."

सुमतीबाई तांदूळ निवडत होत्या. "तेरवीला येतील सगळे," त्या म्हणाल्या. "समोर उभं राहून माफी मागू. ह्यांनी कधी कुणाची चाल लपवली नाही. आपणही नको."

*

तेरवीला नातेवाईक होतेच, पण त्यांच्याशिवाय मंडळाचे चौदा सभासद आले. वडे तळले जात होते, कढी उकळत होती आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर चौदा माणसं एकमेकांकडे अशी पाहत होती, जशी एकाच डब्यातली माणसं पाकीट हरवल्यावर पाहतात. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड होतं. एकानेही ते फाडलं नव्हतं.

दत्तोपंत पाणी वाढत फिरत होते. "आपण कोण? हां हां, ऊर्फ गरुडझेप! मीच लिहिलं." गरुडझेप नावाच्या वृद्ध वैद्यबुवांनी पेला परत दिला.

वामनराव खुर्चीत. अनंत दाराजवळ, चपलांच्या बाजूला. दोघांमध्ये कुसुमताई.

अरुंधती पुढे येऊन उभी राहिली. तिने बोलायची तयारी केली होती. "आमच्या घरून एक चूक झाली," तिने सुरुवात केली. "बाबांनी एकोणीस वर्षं तुमची नावं जपली..."

"तेच तर!" कोपऱ्यातून रामाजी उभे राहिले. आठवडाभर कोंडलेला माणूस होता तो. "मले सगळ्यांसमोर बोलू द्या. कोंबडी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मले, सहा फुटी माणसाले," त्यांनी कार्ड काढून हवेत धरलं, "खारूताई?"

खोलीत कुणीतरी फुसकन हसलं. मग सगळेच हसले, अनंतसुद्धा.

अरुंधती हसली नाही. "काय म्हणालात?"

"खारूताई! आता झालं समाधान?"

ती आतल्या खोलीत गेली, ट्रंक उघडली आणि काळी वही मांडीवर घेतली.

दोन पानं मिळून अर्धा पट. चार आडवे, आठ उभे चौकोन. शेवटचा चौकोन, अगदी खालचा, उजव्या कोपऱ्यातला, तिचा होता. 'अरुंधती, जबलपूर.' आणि तळाशी लाल शाईत: 'भीमसेन.'

ती भीमसेन नव्हती. आयुष्यात नव्हती. तिने बोट फिरवत रामाजी भोयर शोधले. तिच्या चौकोनापासून दोन घरं वर, एक घर डावीकडे. तळाशी लाल शाईत: 'खारूताई.'

दोन वर, एक बाजूला. तिचं बोट थांबलं. मग तिने वामनराव केळापुऱ्यांचा चौकोन शोधला. तिथे मोहिनी होती. तिथून दोन घरं वर, एक डावीकडे. भंडाऱ्याचा कुणी सभासद. त्याच्या तळाशी: 'सेनापती.'

घोडा. बाबांनी प्रत्येक नाव घोड्याच्या चालीने हलवून ठेवलं होतं. अडीच घरं, आणि कड आली की पलीकडच्या कडेने पुढे. एकोणीस वर्षं वही कोनाड्यात उघडी पडली होती, आणि तिला कुलूप होतंच. घरच्या माणसांवर त्यांचा विश्वास होता. आणि घरच्या माणसांच्या कामसूपणाचा अनुभवही.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. सगळे नाकारत होते, कारण ते खरंच ते नव्हते!

तिने पटकन आणखी दोन चौकोन पाहिले. पहिला अनंतचा. वर गेलं की कळलं, 'आशावादी'. सतरा डाव हरलेला माणूस! मग रामाजींचा. दोन वर, एक डावीकडे, आणि बोट थेट वामनरावांच्या चौकोनावर आलं. मोहिनी. अरुंधतीने पदर तोंडाला लावला. एवढ्यात अनंतच्या चौकोनातलं 'वाघनख' तिला पुन्हा दिसलं. हे मग कुणाचं? ती उलट्या चालीने खाली आली. दोन घरं खाली, एक घर उजवीकडे. 'यमुताई घाटे, तळमजला.'

बाहेर आवाज वाढले होते.

"मी गरुडझेप नव्हेच," वैद्यबुवा म्हणत होते. "माझं खरं नाव ऐकायचं आहे का?"

"मीही सांगतो! होऊनच जाऊ द्या!"

"आन् माहं खरं नाव ऐकलं ना, तर सगळे..." रामाजींनी छाती फुगवली.

"थांबा!" अरुंधती वही छातीशी धरून दारात उभी होती. "कुणी आपलं नाव सांगायचं नाही. रामाजी, तुम्ही तर मुळीच नाही. तोंड मिटा."

रामाजींनी तोंड मिटलं.

"कार्डावर ज्याला जे नाव आलं, ते त्याचं नाही," ती म्हणाली. "एकाचंही नाही. बाबांनी वहीत सगळी नावं हलवून ठेवली होती. कशी, ते मी सांगणार नाही. आमच्या घरून बत्तीस कार्डं गेली आणि एक नाव फुटलेलं नाही." मग तिने वडिलांच्या हलक्या आवाजात, त्यांचंच वाक्य पुरं केलं. "आजही."

रामाजी फोटोकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "माणूस गेला," ते म्हणाले, "पण कुलूप नाही गेलं."

"म्हणजे माझी काही चूक झालीच नाही!" दत्तोपंत म्हणाले आणि समाधानाने पुन्हा पाणी वाढू लागले.

वामनराव खुर्चीतून उठले होते. "म्हणजे साकळकर..."

"वाघनख नाहीत. एवढंच सांगते."

"मग कोण? निदान माझ्या कचेरीतला आहे का?"

"नाही."

"तरुण असणार. खेळ सांगतो ना! रक्त गरम आहे, मागे-पुढे बघत नाही."

"अरू," आतून यमुताईंचा आवाज आला, "कढीत आणखी एक वडा सोड वं माह्यासाठी. दात नाहीत, भिजलेला पाहिजे."

अरुंधती वडा सोडायला आत वळली. कुसुमताईंनी नवऱ्याच्या कोपराला धरून त्यांना दाराकडे वळवलं. "आधी त्या पोराला सांगा. आणि ती सिरोंच्याची फाइल उद्या सकाळी कपाटात गेली पाहिजे, मोहिनीबाई."

वामनरावांनी घसा साफ केला. "अरे साकळकर," ते म्हणाले, "जेवलास का?"

'अरे' ऐकून अनंतचे डोळे भरून आले.

*

पंगती उठल्या. जाताना प्रत्येक सभासदाने दाराशी थांबून एकच विचारलं, की आता कार्डं कुठे पाठवायची? अरुंधतीने प्रत्येकाला एकच सांगितलं: "याच पत्त्यावर. शनिवारी निघतील. मी जबलपूरहून येईन, नाही जमलं तर आई उतरवेल." सुमतीबाईंनी चमकून पाहिलं, पण नाही म्हटलं नाही. उलट सगळे गेल्यावर त्यांनी मेजावरची दौत उचलून किती शाई उरली ते पाहिलं.

उन्हं कलली होती. यमुताई गुडघ्यांवर हात ठेवत खाली जायला उठल्या आणि पाटाशेजारच्या पटापाशी थबकल्या. तेरा दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता.

"काळी कुणाची?"

"माझी."

यमुताईंनी एकदाच पाहिलं. "मग तू तर कधीचीच मेली वं, पोरी. हत्ती इकडे आला की खलास."

"माहीत आहे."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलले असते तर डाव संपला असता."

यमुताईंनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत खाली उतरल्या. आतल्या खोलीत सुमतीबाई भांडी लावत होत्या.

अरुंधती पटासमोर बसली. समोरचा पाट रिकामा होता. त्यावर चष्म्याचं घर होतं, तिथेच, शनिवारी ठेवलेलं. तिने आपला काळा राजा उचलला, पटावर आडवा केला, आणि आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"हरले, बाबा."